आधी यादी, मग खोके

पुण्याहून हॅम्बर्गला घर हलवताना पॅकिंगला आलेल्या मुलानं एक खोका टेपनं बंद केला आणि मला विचारलं, ‘ताई, यावर काय लिहू?’ दुपारचे तीन वाजले होते, खाली ट्रक उभा होता. मी म्हणाले, ‘किचन, इतर.’ त्यानं मार्करनं तेवढंच लिहिलं, यादीतही तेवढंच उतरवलं. खोका क्रमांक ३१. त्यात आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, पांढरी, वरून चॉकलेटी. तिकडे खोका उघडला तेव्हा बरणीचे तुकडे हाती आले. विमा उतरवलेला होता. विमा कंपनीनं यादी मागितली आणि यादीत बरणी नव्हती. दावा नामंजूर झाला, आणि नियमानं पाहिलं तर तो बरोबरच नामंजूर झाला.

परदेशी घर हलवण्याचा विषय निघाला की लोक कंटेनरचं भाडं विचारतात, चांगला मूव्हर विचारतात. हे प्रश्न योग्यच आहेत. पण ते सारं पार पाडल्यावर माझं मत असं झालं आहे की या कामाचा कणा म्हणजे एक यादी. घरी सर्व्हेला येणारा माणूस त्या यादीवरून जागा मोजतो. इथलं आणि तिकडचं कस्टम्स त्याच यादीवरून सामान तपासतं. विम्याची रक्कम तिच्यावरून ठरते आणि तिकडच्या दारात एकेक खोका तिच्यावरच खूण करत उतरवला जातो. एकच कागद चार ठिकाणी चार कामं करतो. म्हणून निघण्याआधी निदान तीन महिने तो लिहायला घ्यावा आणि बांधाबांधी त्याच्या मागून यावी.

तिकडचं घर आधी पाहा

यादीची सुरुवात इथल्या कपाटांपासून केली तर ती वाढतच जाते. ती तिकडच्या घरापासून करावी. खोल्या किती, दाराची रुंदी किती, लिफ्ट आहे का, जिना वळणाचा आहे का, हे आधी मागवून घ्यावं. जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा ओट्याशिवाय, कपाटांशिवाय मिळतं, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये भिंतीतली कपाटं, शेगडी, फ्रिज बहुधा आधीच असतात. जे लोखंडी कपाट जर्मनीत उपयोगी पडेल, तेच अमेरिकेत अडगळ होईल.

मग वीज. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातही तेच, फक्त प्लगची पिन बदलते. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर बहुतेक दोन्हीकडे चालतात, तळाशी १००–२४० असं छापलेलं असतं ते पाहून घ्यावं. मिक्सरचं तसं नाही. ७५० वॉटचा मिक्सर तिकडे चालवायला जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्यापेक्षा तिकडच्या विजेवर चालणारा मिक्सर घेतलेला बरा.

शेगडीकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. तिकडच्या घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर, ॲल्युमिनियमची कढई आणि निव्वळ तांब्या-पितळेची भांडी तापणारच नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघावं. चिकटला तर भांडं यादीत, नाही तर इथेच कोणाला तरी द्यावं. दहा मिनिटांच्या या परीक्षेनं आमच्या स्वयंपाकघराचं निम्मं सामान कमी झालं.

यादीला चार रकाने पुरतात: जहाजानं जाणारं, विमानात सोबत नेण्याचं, इथे नातेवाइकांकडे ठेवण्याचं, देऊन किंवा विकून टाकण्याचं. दागिने, मूळ प्रमाणपत्रं, औषधं आणि लॅपटॉप कायम दुसऱ्या रकान्यात. जहाजाच्या रकान्यात काही लिहिण्याआधी ते तिकडे विकत मिळतं का, केवढ्याला मिळतं आणि इतक्या दूर न्यायला किती पडतं, हे स्वतःला विचारावं. सोफा, गाद्या, फ्रिज सहसा या हिशेबात टिकत नाहीत. पुरणयंत्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, विळी, खलबत्ता, आजीची नऊवारी आणि पुस्तकं टिकतात. मुलांच्या ओळखीच्या दोन-चार वस्तूही न्याव्यात, किंमत कितीही कमी असली तरी. नव्या घरात पहिल्या महिन्यात त्यांना त्यांचाच आधार असतो.

घनमीटरचा हिशेब

समुद्रमार्गे जाणाऱ्या घरसामानाचे पैसे मुख्यतः वजनावर नव्हे, तर व्यापलेल्या जागेवर लागतात. माप घनमीटरचं, धंद्यातले लोक ‘सीबीएम’ म्हणतात. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा खोका सुमारे ०.१२ घनमीटर भरतो, म्हणजे एका घनमीटरात असे आठ खोके. साडेसहा फुटी लोखंडी कपाट एकटंच पाऊण घनमीटरच्या वर जातं.

वीस फुटी कंटेनरमध्ये आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते, चाळीस फुटीत सुमारे ६७. घरसामान आडवंतिडवं असल्यानं ती पूर्ण कधीच वापरली जात नाही. वीस फुटीत २५ ते २८ घनमीटर बसलं तर ते चांगलं भरलं म्हणायचं. दोन खोल्यांच्या घरातलं निवडक सामान पुष्कळदा दहा घनमीटरच्या आत आवरतं, आमचं नऊ झालं. इतक्या सामानाला अख्खा कंटेनर घेत नाहीत. ते दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जातं, याला एलसीएल म्हणतात. सामान चौदा-पंधरा घनमीटरच्या पुढे गेलं की एफसीएल, म्हणजे पूर्ण कंटेनर, याचाही दर मागवावा. तो कधी कधी एलसीएलच्या बरोबरीनं येतो. शिवाय आपल्या दारात सील झालेला कंटेनर वाटेत गोदामात रिकामा होत नाही, त्यामुळे हाताळणी कमी आणि मोडतोडही कमी.

विमानाचं गणित निराळं आहे. तिथे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० नं भागायचं. वरच्याच खोक्यात पाच किलोच्या उशा भरल्या तरी विमानासाठी तो वीस किलोंचा ठरतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत लागणारं थोडं, जड आणि आटोपशीर सामान विमानानं पाठवावं. बाकीच्याला जहाज.

दरपत्रक कसं वाचावं

निदान तीन ठिकाणांहून दर घ्यावेत आणि तिघांनाही एकच यादी द्यावी. घरी येऊन किंवा व्हिडिओवर नीट पाहिल्याशिवाय फोनवर दिलेला आकडा धरू नये. एक म्हणतो नऊ घनमीटर, दुसरा म्हणतो बारा. असं झालं तर स्वस्त-महाग ठरवण्याआधी हा फरक कुठून आला ते विचारावं.

‘डोअर टू डोअर’ आणि ‘डोअर टू पोर्ट’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एलसीएलमधला नेहमीचा सापळा इथेच असतो: इथला दर अतिशय कमी आणि तिकडच्या बंदरावर हाताळणी, गोदाम, कागदपत्रं यांचं बिल भलंमोठं. सामान तिकडे पोचलेलं असतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरत नाही. तिकडचे आकार, कस्टम्सच्या प्रत्यक्ष तपासणीचा खर्च, जिना चढवण्याची मजुरी आणि रिकामे खोके परत नेणं, हे दरपत्रकात आहे की नाही, ते लेखी घ्यावं. हॅम्बर्गमध्ये अरुंद रस्त्यावर ट्रक थांबवायला आगाऊ परवानगी काढून फलक लावावे लागतात. तो खर्च कोणाचा, हेही विचारायला हवं होतं. तिकडे काम करणारा एजंट कोण, हेही आधी कळायला हवं, कारण सामान शेवटी त्याच्या हातात असतं. आंतरराष्ट्रीय स्थलांतराचं काम करणाऱ्या कंपन्यांची ‘फिडी’ नावाची संघटना आहे आणि तिचं ‘फेम’ हे गुणवत्ता प्रमाणपत्र आहे. ते असलं म्हणजे सगळं झालं असं नाही, पण निवडीला एक आधार मिळतो.

निघताना आपला कायदा

तिकडच्या नियमांची चौकशी सगळे करतात. इथून काय नेता येत नाही, याची फार थोडे करतात. पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, कोरीवकाम यांसारखी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. आपल्या देवघरात पणजोबांच्या काळातले पितळी देव असतात, माळ्यावर लाल कापडात गुंडाळलेली हाती लिहिलेली पोथी असते. त्या आपल्या घरच्या आहेत, हे कायद्याला पुरत नाही. वस्तू जुनी दिसत असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र आधीच घ्यावं. खरोखर जुनी असेल तर ती घरातल्याच कोणाकडे सोपवावी. तसं करण्यात कमीपणा नाही. ती ज्या मातीतली आहे तिथे राहते.

मोरपिसं, हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या निर्यातीला बंदी आहे. गाण्याच्या घरांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली वाद्यं आजही जगभर जातात. पण जुन्या वाद्याच्या घोडीला किंवा नक्षीला हस्तिदंत किंवा शिंग असू शकतं. कारागिराला दाखवून त्याच्याकडून काय कशाचं आहे, ते लिहून घ्यावं.

पोचताना तिकडचा कायदा

बहुतेक देश येऊन स्थायिक होणाऱ्याला वापरलेलं घरसामान करमुक्त आणू देतात. अट ‘वापरलेलं’ या शब्दात आहे. युरोपीय संघात येण्याआधी सलग बारा महिने संघाबाहेर राहिलेलं असावं लागतं, वस्तू निदान सहा महिने वापरलेल्या असाव्या लागतात, त्या राहायला आल्यापासून बारा महिन्यांत आणाव्या लागतात आणि नंतर बारा महिने विकता किंवा भाड्यानं देता येत नाहीत. ब्रिटनची अट जवळपास अशीच आहे, पण तिथे सवलतीचा अर्ज सामान पोचण्याआधी मंजूर करून घ्यायचा असतो. अमेरिकेत घरगुती वस्तू वर्षभर वापरातल्या असाव्या लागतात, ऑस्ट्रेलियातही बारा महिने. कॅनडात पहिल्यांदा उतरताना, सोबत आणलेल्या सामानासोबत, ‘मागून येणारं सामान’ अशी वेगळी यादी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. ती नोंद राहिली तर मागून आलेलं सामान सवलतीत बसवणं कठीण होतं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचं ताजं पान पाहूनच अर्ज भरावा.

यातून एक गोष्ट सरळ निघते. निघण्याच्या आधल्या महिन्यात नवीकोरी भांडी, नवा टीव्ही, नवं फर्निचर घेऊन कंटेनरमध्ये घालू नये. लग्न होऊन युरोपात जाणाऱ्या मुलीसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. लग्नानिमित्त आणलेला संसार आणि प्रत्येकी १,००० युरोपर्यंतच्या भेटवस्तू, लग्नाच्या दोन महिने आधीपासून चार महिने नंतरपर्यंत, करमुक्त येऊ शकतात. रुखवतातली भांडी या तरतुदीत बसतात का, हे लग्नाची तारीख ठरतानाच पाहिलं तर उपयोग.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची काळजी निराळी आहे. कराच्या बरोबरीनं त्यांना भीती असते किडीची, बियांची आणि मातीची. बुटांच्या तळाला चिकटलेली माती, सायकलच्या चाकातलं गवत, कुंडीची खुरपी, हे सारं धुऊन कोरडं करून जायला हवं. आपल्या पूजेच्या पिशवीकडेही याच नजरेनं पाहा: सुपारी, हळकुंड, दर्भ, वाळका नारळ, रुद्राक्ष. बांबूचं सूप, लक्ष्मीपूजनाची केरसुणी, तंबोऱ्याचा भोपळा, हेही वनस्पतीजन्य. यातलं काही न्यायचंच असेल तर लपवू नये, ठळक अक्षरात जाहीर करावं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूपायी दंड होतो आणि सगळं सामान अडकतं.

खाद्यपदार्थ जहाजाच्या सामानात घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लोणचं गळतं, मसाल्याला किडे येतात, आणि एका डब्यापायी सगळे खोके उघडले जातात. खसखस तर दुबई आणि सिंगापूरला अजिबात नेऊ नये. तिथे ती अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारशांसाठी आईनं प्रेमानं दिलेली पुडी मुलाला पोलीस चौकीत नेऊ शकते.

बांधणी

सामान बांधतात आपल्याकडच्या कोरड्या खोलीत, पण ते विषुववृत्ताच्या आसपासच्या उष्ण, दमट हवेतून जातं आणि थंड बंदरात उतरतं. बंद कंटेनरच्या छताला आतून पाणी सुटतं आणि ते खाली ठिबकतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बांधलं तर पुठ्ठा आधीच ओल धरून असतो. म्हणून कपडे आणि पुस्तकं पूर्ण वाळवून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, प्लास्टिकच्या आवरणातच खोक्यात भरावीत. पितळेची भांडी घासून, पुसून, उन्हात ठेवून मगच बांधावीत.

पुस्तकं लहान खोक्यात, एकाला उचलता येईल इतकीच. ताटं आडवी रचू नयेत, उभी ठेवावीत, म्हणजे धक्का काठावर झेलला जातो. काचेची आणि चिनी मातीची भांडी दोन खोक्यांत, आतल्या-बाहेरच्या खोक्यामध्ये कागदाची गादी करून. लाकडी पेटी लागणार असेल तर तिच्यावर गव्हाच्या ओंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे का, ते पाहावं. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलं किंवा मान्य पद्धतीनं निर्जंतुक केलं, असा त्याचा अर्थ. तो शिक्का नसलेल्या पेटीपायी माल बंदरावर अडकू शकतो.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक दोन बाजूंना लिहावा आणि यादीत त्या क्रमांकासमोर आतली प्रत्येक मोलाची वस्तू नावानं लिहावी. बंद करण्याआधी उघड्या खोक्याचा फोटो काढावा. ‘किचन, इतर’ हे शब्द यादीत येऊ देऊ नयेत.

विमा आणि समुद्र

सागरी विमा घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. विमा सर्व धोक्यांचा आहे की फक्त माल पूर्ण नष्ट झाला तरच मिळणारा? आपण स्वतः बांधलेल्या खोक्यांतली फूट त्यात येते का? बहुधा येत नाही, म्हणून नाजूक सामान मूव्हरच्या माणसांकडूनच बांधून घ्यावं. तिसरा प्रश्न ‘जनरल ॲव्हरेज’चा. समुद्रावरची ही फार जुनी रीत आहे. जहाज आणि माल वाचवण्यासाठी काही माल टाकावा लागला किंवा मोठा खर्च झाला, तर तो जहाजमालक आणि सगळे मालधनी वाटून घेतात. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनरचं जहाज सुएझ कालव्यात अडकलं, सहा दिवसांनी मोकळं झालं, पण इजिप्तनं ते ७ जुलैपर्यंत सोडलं नाही. मालकानं जनरल ॲव्हरेज जाहीर केला. अशा वेळी आपला खोका शाबूत असूनही त्याच्या वाट्याची हमी भरल्याशिवाय तो हाती येत नाही. विमा असला तर ती हमी विमा कंपनी देते.

समुद्रावर काय होईल ते सांगता येत नाही. २५ मे २०२५ ला ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर घेऊन जाणारं जहाज कोचीजवळ बुडालं. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे भारतातून युरोपकडे जाणारी अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. न्हावाशेवाहून निघालेल्या एलसीएल सामानाला घरपोच दोन ते तीन महिने धरावेत आणि त्याहून थोडं अधिक लागलं तर निभेल, अशी सोय सोबतच्या बॅगांतून करावी.

उलटंही होतं. सामान लवकर पोचतं आणि आपला पत्ता नोंदवलेला नसतो. जर्मनीत कस्टम्सला नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. तो येईपर्यंत बंदराचं भाडं दिवसागणिक चढतं. म्हणून तारखा अशा लावाव्यात: बारा आठवडे आधी यादी, दहा आठवडे आधी सर्व्हे, आठ आठवडे आधी मूव्हर पक्का, सहा आठवडे आधी प्रमाणपत्रं आणि अर्ज. माल आपण निघण्याच्या आठवड्यातच उचलला जावा, म्हणजे तो पोचेपर्यंत तिकडचे कागद हाती असतील.

गेल्या महिन्यात सांगलीला भावाकडे गेले होते. त्याची मुलगी टोरांटोला निघाली आहे. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी दोनशे पानी वही घेऊन जमिनीवर बसलो. फडताळातली एकेक वस्तू ती बाहेर काढत होती आणि लिहीत होती. सगळ्यात खालच्या कप्प्यात लोणच्याची बरणी होती, आमच्या बरणीच्याच जोडीतली. ‘आत्या, हिचं काय लिहू?’ तिनं विचारलं. मी सांगितलं, ‘चिनी मातीची बरणी, एक, पांढरी-चॉकलेटी, झाकणासह, उंची दहा इंच. रिकामी आणि धुतलेली. आणि फोटो काढ.’ तिनं सगळं लिहिलं, बरणी खिडकीजवळ उजेडात नेऊन ठेवली, आणि फोटो काढला.